स्वस्त व्हायोला घेताना आधी सी तार ऐका

वाद्यांविषयीच्या या सदरासाठी आलेल्या पत्रांपैकी या वेळी व्हायोलाविषयीची, म्हणजे व्हायोलिनपेक्षा थोड्या मोठ्या आणि खालच्या स्वराच्या गजाच्या वाद्याविषयीची, चार पत्रे निवडली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण नवख्या किंवा हौशी वादकाला पडणारे बहुतेक प्रश्न त्यातच आले आहेत.

प्रश्न : शाळा-महाविद्यालयाच्या काळात मी आठ वर्षे पाश्चात्त्य पद्धतीचे व्हायोलिन शिकलो. आता माझे वय ४७ आहे. आम्ही चार मित्र दर रविवारी एकत्र वाजवायला बसतो. दोघांकडे व्हायोलिन आणि एकाकडे चेलो आहे. व्हायोला कोणाकडेच नसल्यामुळे ती बाजू मी उचलायचे ठरले आहे. सर्व मिळून ३५,००० रुपये खर्च करण्याची माझी तयारी आहे. ऑनलाइन १०,००० रुपयांच्या आत केस, गज आणि राळ यांसह व्हायोला दिसतात, तर एका दुकानात मी २६,००० रुपयांचा १६ इंची व्हायोला पाहून आलो. एका परिचितांचे म्हणणे असे की, जितका मोठा व्हायोला तितका आवाज चांगला, म्हणून साडेसोळा इंचीच घ्यावा. कोणती कंपनी आणि कोणते माप निवडावे? की माझ्या जुन्या व्हायोलिनलाच व्हायोलाच्या तारा लावून काम भागेल? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपला शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, कारण त्याचे उत्तर समजले की व्हायोलाचा सगळा स्वभाव समजतो. व्हायोलाच्या तारा खालून वर सी, जी, डी, ए अशा लावतात, म्हणजे व्हायोलिनच्या बरोबर एक पंचम खाली. पंचमातल्या दोन स्वरांच्या कंपनसंख्यांचे गुणोत्तर ३:२ असते. व्हायोलिनच्या पोटाची, म्हणजे मान सोडून उरलेल्या लाकडी पेटीची, लांबी सुमारे १४ इंच आहे. तेच प्रमाण राखून पंचमभर खालचे वाद्य घडवायचे, तर त्याचे पोट २१ इंच लांब करावे लागेल, आणि एवढे वाद्य हनुवटीखाली धरून वाजवणे माणसाच्या हाताला शक्य नाही. म्हणून कारागिरांनी पूर्वीपासून तडजोड स्वीकारली. मोठ्या माणसांचे व्हायोला साधारण १५ ते १७ इंचांच्या दरम्यान असतात, आणि व्हायोलिनसारखे सर्वमान्य ‘पूर्ण माप’ या वाद्याला नाहीच. स्वराच्या मानाने पोट लहान असल्यामुळे व्हायोलाला तो किंचित झाकलेला, खर्जात भरणारा आवाज मिळतो, ज्यासाठी आम्ही व्हायोलावादक या वाद्यावर जीव लावतो. पण चांगला स्वस्त व्हायोला सापडणे चांगल्या स्वस्त व्हायोलिनपेक्षा अवघड आहे, त्याचेही कारण हेच. साधारण कारागिरीच्या व्हायोलिनची ई तार निदान मोठ्याने तरी वाजते. साधारण कारागिरीच्या व्हायोलाची सी तार मात्र बोलतच नाही.

आता व्हायोलिनला व्हायोलाच्या तारा लावण्याविषयी. व्हायोलिनवर तारेची कंप पावणारी लांबी साधारण ३२.५ सेंटिमीटर असते आणि १६ इंची व्हायोलावर ती ३७ सेंटिमीटरच्या आसपास भरते. तार तीच आणि स्वरही तोच ठेवला, तर तारेवरचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे आपल्या व्हायोलिनवर त्या तारांचा ताण जवळजवळ पाव हिश्शाने कमी होईल, सी तार ढिली पडेल आणि गज टेकवताच स्वर लागण्याऐवजी ती फडफडेल. शिवाय जाड तार बसावी म्हणून बोटांखालच्या पट्टीच्या टोकावरच्या खाचा रुंद कराव्या लागतील, आणि मग ते व्हायोलिन पुन्हा व्हायोलिन म्हणून वापरताना तारा त्या खाचांत सैल बसतील. आठ वर्षे साथ दिलेल्या वाद्यावर हा प्रयोग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मापाच्या बाबतीत आपल्या परिचितांचा सल्ला मी मोडून काढणार आहे, आणि त्यामागे माझा स्वतःचा अनुभव आहे. माझा पहिला व्हायोला साडेसोळा इंची होता. विक्रेत्याने नेमके हेच कारण सांगून तो माझ्या हाती दिला होता. आवाज खरोखरच भरदार होता, परंतु सहा महिन्यांत माझे डावे मनगट दुखू लागले, सी तारेवर करंगळी पोहोचवण्यासाठी खांदा वर उचलण्याची सवय लागली, आणि ती सवय मोडायला वाद्य बदलल्यानंतरही मोठा काळ गेला. इंग्लंडचे लायोनेल टर्टिस (१८७६–१९७५) यांनी व्हायोलाला एकल वाद्य म्हणून मान मिळवून देण्यासाठी आयुष्य वेचले. भरदार सी तारेचा त्यांना ध्यास होता आणि ते स्वतः १७ इंचांहून मोठा, मोंतान्याना या व्हेनिसच्या कारागिराचा व्हायोला वाजवत. तरीही आर्थर रिचर्डसन या कारागिराच्या मदतीने त्यांनी जो नवा नमुना तयार केला, त्याची लांबी त्यांनी पावणेसतरा इंचांवर आणून थांबवली. आयुष्यभर मोठे वाद्य वाजवलेल्या माणसालाही जिथे मर्यादा घालावी लागली, तिथे ४७ व्या वर्षी रविवारच्या आनंदासाठी व्हायोला हाती घेणाऱ्याने इंचांचा हट्ट धरू नये. आपली उंची आणि हाताची लांबी मध्यम असेल, तर साडेपंधरा इंचांपासून पाहायला सुरुवात करा. १६ इंची आरामात पेलला तर जरूर घ्या, पण त्याहून पुढे जाऊ नका.

माप पाहताना वाद्याच्या पाठीची लांबी मोजतात, आणि त्यात मानेच्या मुळाशी असलेला अर्धगोल तुकडा धरत नाहीत. काही विक्रेते तो धरून माप सांगतात, म्हणून टेप स्वतः लावावा. वाद्य खांद्यावर घेऊन डावा हात पुढे केला असता कोपर किंचित वाकलेले राहून बोटे टोकाच्या गुंडाळीभोवती सहज वळली पाहिजेत. खरी परीक्षा मात्र वाजवण्यातच होते. पहिल्या स्थानावर (हात खुंट्यांच्या बाजूला, मानेच्या टोकाजवळ ठेवून) सी तारेवर चौथे बोट, म्हणजे करंगळी, ठेवून संथ गजाने पंधरा मिनिटे वाजवा. पाच मिनिटांत सगळेच वाद्य बरे वाटते, पण पंधराव्या मिनिटाला मनगट खरे सांगते. एकाच इंची मापाच्या दोन व्हायोलांत तारेची लांबी आणि पोटाची रुंदी वेगळी असू शकते, त्यामुळे आकड्यापेक्षा हाताचा कौल मोठा मानावा.

आता १०,००० रुपयांच्या आतल्या संचाविषयी. आज जगातील स्वस्त तंतुवाद्यांचा मोठा भाग चीनमध्ये बनतो. ज्यांगसू प्रांतातील ह्वांगच्याओ हे गाव त्यासाठीच ओळखले जाते. तिथून येणारे सगळेच वाद्य वाईट असते हा समज चुकीचा आहे, कारण नावाजलेल्या अनेक कंपन्यांची शिकाऊ वाद्येही चीनमध्येच तयार होतात. परंतु अगदी खालच्या किमतीत पैसा कुठे वाचवलेला असतो, हे ओळखता आले पाहिजे. वरची फळी स्प्रूसच्या आणि पाठ मेपलच्या भरीव लाकडातून कोरलेली असावी. स्वस्तात मात्र बहुधा प्लायवूड दाबून आकार दिलेला असतो. इंग्रजी एफ अक्षरासारख्या छिद्राच्या कडेकडे नीट पाहिले की हे समजते. फळीवरची लाकडाची रेघ छिद्राच्या जाडीतही तशीच उतरलेली दिसली तर लाकूड भरीव आहे, आणि आडवे थर दिसले तर प्लायवूड आहे. वाद्याच्या कडेने फिरणारी काळी-पांढरी रेघ खरे तर लाकडात बसवलेली पट्टी असते, आणि कडेला पडलेली चीर ती आत जाऊ देत नाही. स्वस्त वाद्यावर ती नुसती रंगवलेली असते. बोटांखालची पट्टी आबनुसाची असावी. साध्या लाकडाला काळा रंग दिलेला असेल, तर काही महिन्यांत बोटांखालचा रंग उडतो आणि पट्टीला खड्डे पडू लागतात.

याहून महत्त्वाचे म्हणजे, स्वस्त वाद्यात सगळ्यात जास्त काटकसर लाकडात नसून हाताच्या कामात झालेली असते. घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो उभा लाकडी तुकडा, कारखान्यातून आली तशीच जाड बसवलेली असते, खुंट्या भोकांत नीट बसत नाहीत, पट्टीच्या टोकाशी तारा इतक्या उंच असतात की पहिल्या स्थानावर बोट दाबतानाच हात थकतो. आत, घोडीच्या ए तारेकडच्या पायाच्या किंचित मागे, वरची फळी आणि पाठ यांच्यामध्ये एक छोटी उभी दांडी नुसत्या दाबावर उभी असते. तिला साउंडपोस्ट म्हणतात, आणि फ्रेंच भाषेत तिचे नाव ‘आत्मा’ असे आहे. ही दांडी मिलिमीटरभर सरकली तरी सी तारेचा आवाज बदलतो. ती तिरकी उभी असेल किंवा तिची टोके फळीला पूर्ण टेकलेली नसतील, तर उत्तम लाकूडही मुके राहते. म्हणून माझा आग्रह असा की, व्हायोला घेताना लाकडाच्या पेटीबरोबरच ती वाजती करणाऱ्या या कामासाठीही पैसे बाजूला ठेवावेत. आपल्या ३५,००० पैकी २४,००० च्या आसपास वाद्यासाठी धरावेत आणि उरलेले घोडी-खुंट्यांची बैठक, तारा आणि गज यांसाठी राखावेत. दुकानातल्या त्या २६,००० च्या वाद्याच्या किमतीत हे काम झालेले आहे की नाही, ते विक्रेत्याला स्पष्ट विचारा. ते तेथील कारागीर करून देणार असेल, तर दोन हजार अधिक गेले तरी तो व्यवहार चांगला आहे.

काम नीट झाले आहे हे तपासण्यासाठी एक छोटी मोजपट्टी खिशात ठेवावी. बोटांच्या पट्टीच्या शेवटी तार आणि पट्टी यांच्यामधले अंतर ए तारेखाली ४ ते ५ मिलिमीटर आणि सी तारेखाली ६ मिलिमीटरच्या आसपास असावे. घोडी एफ-छिद्रांच्या आतल्या छोट्या खाचांच्या रेषेत उभी असावी आणि बाजूने पाहता तारा ओढून ती पट्टीकडे झुकलेली नसावी. खुंट्या दोन्ही दिशांना गुळगुळीत फिराव्यात आणि जिथे सोडाव्यात तिथेच थांबाव्यात.

आणि मग सी तार ऐकावी. दुकानात माणसे स्वाभाविकपणे ए तारेपासून वाजवायला लागतात, कारण तिथे ओळखीची धून लगेच निघते. आपण उलट करावे. सर्वप्रथम मोकळी सी तार, पूर्ण गज, अगदी संथ, मग घोडीच्या थोडे जवळ आणि थोडा जास्त दाब देऊन. स्वर फाटतो की भरतो, गज लावताच उमटतो की अर्धा क्षण घसरल्यावर उमटतो, हे कान देऊन ऐकावे. त्यानंतर त्याच तारेवर सप्तकभर वर जावे. एखादा स्वर गुरगुरल्यासारखा थरथरला आणि बाकीचे स्वच्छ आले, तर तो दोष घोडी किंवा साउंडपोस्ट हलवून कमी होतो का, हे कारागिराकडून तिथेच पाहून घ्यावे. शेवटी चारही तारांवर एकच सरगम सलग वाजवून आवाजाची जात एका तारेवरून दुसरीवर जाताना किती बदलते, ते तपासावे. शक्य असेल तर आपल्या चेलोवादक मित्राला बरोबर न्यावे. त्याने वाद्य वाजवावे, आपण दहा-बारा पावलांवर उभे राहून ऐकावे. व्हायोलाला चौघांत चेलो आणि व्हायोलिन यांच्यामधली जागा भरायची असते. कानाजवळ गोड वाटणारा आणि दहा पावलांवर नाहीसा होणारा आवाज त्या जागेसाठी कामाचा नाही.

कंपनीच्या नावाविषयी मी मुद्दाम थोडक्यात लिहितो. स्टेंटर, यामाहा आणि ईस्टमन या कंपन्या शिकाऊ व्हायोला बनवतात. त्यांच्या वाद्यांत निदान एकसारखेपणा असतो, आणि ती पुढे विकायची झाली तर गिऱ्हाईक मिळते. परंतु एकाच कंपनीचे, एकाच किमतीचे दोन व्हायोला शेजारी ठेवून वाजवले तरी फरक कळतो. म्हणून जे वाद्य वाजवून पाहिले, तेच घरी आणावे. न वाजवता मागवणे भाग असेल, तर निदान परत करण्याची सोय असलेल्या विक्रेत्याकडूनच मागवावे.

तारांच्या बाबतीत मात्र मी काटकसर करू देणार नाही. स्वस्त वाद्यावर बसवलेल्या पोलादी तारा काढून चांगला संच लावला, तर त्या पैशात मिळणारी सुधारणा दुसऱ्या कशानेही मिळत नाही. व्हिएन्नाच्या थोमास्टिक-इन्फेल्ड कंपनीने १९७० मध्ये कृत्रिम धाग्याच्या गाभ्याच्या डॉमिनंट तारा आणल्या, तेव्हापासून मेंढीच्या आतड्याच्या तारेचा मऊपणा आणि रोजच्या वापराचा टिकाऊपणा एकत्र मिळू लागला. हौशी वादकाला अशा तारा पुरेशा आहेत. अनेक वादक ए तार पोलादी आणि खालच्या तीन कृत्रिम गाभ्याच्या अशी सांगड घालतात, आणि स्वस्त व्हायोलावर ती विशेष लाभते, असा माझा अनुभव आहे. संच घेताना पाकिटावर लाँग, मीडियम किंवा शॉर्ट असे लिहिलेले असते. ते आपल्या वाद्याच्या तारेच्या लांबीशी जुळवून घ्यावे, नाहीतर वर सांगितलेली ढिल्या तारेची अडचण नव्या वाद्यावरही येईल.

व्हायोलाचा गज ७० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे व्हायोलिनच्या गजापेक्षा सुमारे १० ग्रॅमने जड असतो, आणि जाड तार बोलती करण्यासाठी ते वजन लागते. संचातला गज वाकडा असेल किंवा गजाचे केस ताणल्यावर काठीचा आतला बाक नाहीसा होत असेल, तर काही महिने आपल्या व्हायोलिनच्याच गजाने वाजवावे आणि पैसे साठल्यावर कार्बन फायबरचा साधा, सरळ गज घ्यावा. व्हायोलाची स्वरलिपी आल्टो क्लेफ या खुणेने लिहितात आणि तिच्यात मधला सी तिसऱ्या रेषेवर येतो. आठ वर्षे स्वरलिपी वाचलेल्या माणसाला काही आठवड्यांत तिची सवय होते, तिची धास्ती बाळगू नये.

पुण्याच्या हवेविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. ही वाद्ये सरसाने जोडलेली असतात, आणि सरस मुद्दामच असा वापरतात की लाकूड फाटण्याआधी सांधा सुटावा. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, तर उन्हाळ्यात त्याच आक्रसून सुटतात. वाद्य उघड्यावर, खिडकीपाशी किंवा बंद गाडीत ठेवू नये. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत राहील, असे पाहावे. कुठे सांधा सुटलेला दिसला, तर तारा थोड्या सैल करून वाद्य कारागिराकडे न्यावे. फेव्हिकॉल लावू नये, कारण तो सांधा पुन्हा उघडताना लाकूडच फाटते. मात्र साउंडपोस्ट पडला नसेल, तर चारही तारा एकाच वेळी पूर्ण सोडू नयेत. ज्या दाबावर तो उभा असतो, तो तारांमुळेच घोडीवर येत असतो.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमची दहा वर्षांची मुलगी शाळेच्या वाद्यवृंदात जाणार आहे आणि शिक्षकांनी तिला व्हायोला सुचवला आहे. पुण्याला आलो की तिथून स्वस्तात घेऊन यावा का? (एक आई)

उत्तर : आणू नये. वाढत्या वयाच्या मुलीसाठी वाद्य विकत घेण्याचीच घाई करू नये. आपल्या भागातील तंतुवाद्यांच्या दुकानांत शाळकरी मुलांसाठी वाद्ये मासिक भाड्याने मिळतात, आणि मूल वाढले की मोठे माप बदलून घेता येते. कित्येक ठिकाणी भाड्याचा काही भाग पुढे विकत घेताना किमतीत वळता करतात. लहान मुलांचे व्हायोला ११, १२, १३, १४ अशा इंचांत असतात. दहा वर्षांच्या मुलीला आज बसणारे माप दोन वर्षांत अपुरे पडेल. भाड्याचा दुसरा लाभ अधिक मोलाचा आहे. दुकानात कारागीर असतो, म्हणून घोडी, खुंट्या आणि तारा यांची देखभाल त्यातच होते. विमानाने आणलेल्या वाद्याचा साउंडपोस्ट वाटेत पडला, तर तो बसवून घेण्यातच बचत संपून जाईल.

एक गोष्ट मात्र दुकानात आवर्जून विचारावी. लहान मापाच्या व्हायोलांपैकी काही खरोखर व्हायोला म्हणून, रुंद आणि खोल पोटाने घडवलेले असतात, तर काही म्हणजे व्हायोलिनच्या पोटाला व्हायोलाच्या तारा लावलेल्या असतात. दोन्ही हातात घेऊन मुलीला सी तार वाजवायला सांगा. फरक आपल्यालाही ऐकू येईल. व्हायोला दिला म्हणजे मुलीला दुय्यम स्थान मिळाले, असेही मानू नये. मोत्सार्ट चौकडीत आवडीने व्हायोला वाजवत असे, आणि चांगल्या वाद्यवृंदांना व्हायोलावादकांची सतत गरज असते.

प्रश्न : मी हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन वाजवतो. माझा ओढा खर्जाकडे आहे, आणि पुरुष गायकांच्या साथीलाही बसतो. स्वस्तातला व्हायोला घेऊन तो आपल्या पद्धतीने लावता येईल का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : येईल, आणि आपल्या बाबतीत काही नियम उलटे होतील, म्हणून वेगळे लिहितो. महाराष्ट्राने गजाननराव जोशी, व्ही. जी. जोग आणि डी. के. दातार यांच्या हातून गायकी अंगाचे व्हायोलिन ऐकले आहे. व्हायोला आपल्याकडे त्या मानाने अपरिचित राहिला, तरी कर्नाटक संगीतात एम. बालमुरलीकृष्ण गायनाबरोबर व्हायोलाही वाजवत. पुरुष गायकाचा मध्य षड्ज बहुधा व्हायोलिनच्या सर्वांत खालच्या मोकळ्या तारेच्याही खाली पडतो, म्हणून वादकाला वरच्या सप्तकात साथ करावी लागते. व्हायोला गायकाच्याच सप्तकात उभा राहतो.

तारा खालून वर सा-प-सा-प अशा लावायच्या, तर काळी एक (सी शार्प) हा सा व्हायोलाला सर्वांत मानवतो. सी आणि जी अर्धा स्वर वर जातात, डी आणि ए अर्धा स्वर खाली येतात. त्यामुळे खालच्या दोन तारांचा ताण सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो, वरच्या दोन तारांचा सुमारे ११ टक्क्यांनी कमी होतो आणि वाद्यावरचा एकूण भार जवळजवळ तोच राहतो. सफेद एकही (सी) चालेल, कारण तिथे फक्त वरच्या दोन तारा एकेक स्वर उतरतात. सफेद दोनला (डी) मात्र खालच्या दोन तारा पूर्ण स्वराने चढवाव्या लागतात आणि त्यांचा ताण सव्वा पटीहून थोडा जास्त होतो. स्वस्त वाद्याची फळी पातळ किंवा सांधे कच्चे असतील, तर मी ते करणार नाही, किंवा खालच्या दोन तारांसाठी हलक्या जाडीच्या तारा घेईन. गायकाचा मंद्र पंचम मात्र व्हायोलावरही मिळणार नाही, हे आधीच ध्यानात घ्यावे.

मापाचा नियम आपल्यासाठी सैल आहे. मांडी घालून, गुंडाळी उजव्या पायावर टेकवून वाजवताना वाद्याचे वजन डाव्या हातावर येत नाही, म्हणून सोळा किंवा साडेसोळा इंची व्हायोला आपण सहज हाताळू शकाल, आणि त्यातला खर्ज अधिक भरदार असेल. लांब तारेवर मींडेचे अंतर वाढते. व्हायोलिनवर मुरलेल्या बोटांना आरंभी प्रत्येक स्वर किंचित खाली लागल्यासारखा वाटेल, आणि तो अंदाज नव्याने बसवण्यासाठी एखाद्या संथ रागाच्या आलापाखेरीज दुसरा चांगला अभ्यास मला माहीत नाही. पट्टीचा पृष्ठभाग मात्र नीट तपासा. मींड घेताना बोट पट्टीवरून सतत घासत जाते, म्हणून रंगवलेली पट्टी आपल्या वादनात इतरांपेक्षा लवकर झिजेल. खुंट्यांबरोबर चारही तारांना फाइन ट्यूनर (बारीक जुळवणीचे स्क्रू) असलेला टेलपीस (तारांची खालची टोके अडकवायचा तुकडा) बसवून घेतला, तर तानपुऱ्याशी सूक्ष्म जुळवणी सोपी होईल.

प्रश्न : मडगावच्या आमच्या जुन्या घरात आजोबांचा एक व्हायोला सापडला. आत ‘अंतोनिउस स्त्रादिवारिउस’ अशी लॅटिन अक्षरांतली चिठ्ठी आहे. विकत घेण्याऐवजी हाच दुरुस्त करून नातवाला शिकायला देता येईल का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : चिठ्ठीवरून आशा बांधू नका. जर्मनीतील मार्कनॉयकिर्शन आणि फ्रान्समधील मिरकूर यांसारख्या गावांतून एकोणिसाव्या शतकापासून कारखानी पद्धतीने वाद्ये बनू लागली, आणि कोणत्या नमुन्यावर वाद्य घडवले ते दाखवण्यासाठी त्यांत अशा चिठ्ठ्या सर्रास चिकटवल्या जात. पण त्यामुळे आजोबांच्या वाद्याचे मोल कमी होत नाही. गोव्यातील चर्चच्या आणि पॅरिशमधील संगीतशाळांच्या परंपरेतून घडलेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वाद्यवृंदांचा मोठा भार वाहिला, आणि अशा घरांतली जुनी कारखानी वाद्ये पुष्कळदा आजच्या त्याच किमतीच्या नव्या वाद्यांपेक्षा सरस निघतात, कारण त्यांचे लाकूड भरीव असते आणि काम हाताने केलेले असते.

दुरुस्तीचा निर्णय तीन गोष्टींवर घ्यावा. पाठीवर साउंडपोस्टच्या जागी उभी चीर असेल, तर खर्च मोठा होईल, आणि शिकाऊ वादकासाठी तो बहुधा परवडणारा नाही. वरच्या फळीच्या कडेचे सांधे सुटले असतील किंवा वरच्या फळीवर लहान चीर असेल, तर ते काम सरसाने होते आणि करून घ्यावे. वाळवीने किंवा भुंग्याने पाडलेली बारीक छिद्रे असतील, तर वाद्य हलकेच पालथे करून आतून पीठ गळते का ते पाहावे. ताजे पीठ गळत असेल तर कीड अजून जिवंत आहे, आणि तोवर ते वाद्य घरातील इतर लाकडी वस्तूंपासून दूर ठेवावे. पणजीच्या कला अकादमीतील पाश्चात्त्य संगीत विभागातील शिक्षकांकडे या कामाच्या भरवशाच्या कारागिराविषयी विचारणा करा. तारा, घोडी आणि खुंट्या नव्या बसवून मिळतील, परंतु वार्निश मात्र कोणालाही खरवडू देऊ नका. आणि नातवाचे माप न घेता काम सुरू करू नका. आजोबांचा व्हायोला सोळा इंची असेल आणि नातू नऊ वर्षांचा असेल, तर वाद्य नीट करून केसमध्ये जपून ठेवावे, आणि आज त्याच्या हातात बारा किंवा तेरा इंची, साधा पण नीट बसवलेला व्हायोला द्यावा.